बारा गट, शंभर टक्के

उसाच्या फडात पाचट साठतं तसे आमच्याकडे किस्से साठलेत. आमच्या साखर कारखान्याची बारा गट ऑफिसं आहेत. प्रत्येकानं आपल्या गावांतल्या उसाची नोंद ठेवायची, तोडीची तारीख सांगायची आणि शेतकऱ्यांची बोलणी खायची. त्यातलं कुठलं ऑफिस किती कार्यक्षम, हे गणितानं मोजायला मला नेमलं. मी सोलापुरात स्टॅटिस्टिक्स शिकलेला. नेमणूक झाल्यापासून जो गोंधळलोय, तो आजतागायत!

*

पहिल्याच मीटिंगमध्ये मी सांगितलं, "प्रत्येक गटाला जे माप सर्वात सोयीचं, ते लिनिअर प्रोग्रामिंगचं गणित शोधून देतं."

चेअरमन साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे ज्याचा पेपर त्यानंच तपासायचा?"

"तसं नाही साहेब. त्याच मापानं बाकीच्या अकरांचेही पेपर तपासायचे. कुणी पुढं गेला नाही, तर हा शंभर टक्के."

"आणि गेला तर?"

"मग हा कमी."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "चहा सांगा."

तेवढ्यात आठ नंबर गटाच्या माने अण्णांचा फोन वाजला. मीटिंगभर तो वाजतच होता. साहेब भडकले, तर अण्णा म्हणाले, "शेतकऱ्याचा फोन हाय साहेब. उचलावा लागतो की!"

*

कशाकशावरून मोजायचं, हे मी गटप्रमुखांनाच विचारलं. ही माझी चूक. एक म्हणाला टनेज धरा, दुसरा म्हणाला गावांचं अंतर धरा, तिसऱ्यानं तर पाहुणचार धरायला लावला! सगळं धरलं आणि बटण दाबलं. बाराच्या बारा गट शंभर टक्के!

साहेबांनी पेढे मागवले. निकष इतके जास्त झाले की जो तो कशात तरी पहिला येतो, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा माझे दोन पेढे खाऊन झाले होते.

*

मग शेती अधिकारी जगताप साहेबांकडे गेलो. "साहेब, उद्दिष्टं चार आहेत. ऊस वाढवायचा, साखरेचा उतारा वाढवायचा, डिझेल कमी करायचं, शेतकरी खूश ठेवायचा. पहिलं महत्त्व कशाला?"

"सगळ्यांनाच पहिलं."

"अहो, एक ओढलं की दुसरं सुटतं."

"मग तेवढं कॉम्प्युटरला समजावून सांग की!"

सांगितलं. स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं, की या अटींत उत्तरच निघत नाही. जगताप साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "दुसरा कॉम्प्युटर बघ."

*

शेवटी निकष कमी केले आणि खरी यादी निघाली. पाच नंबर गट पहिला: माणसं कमी, डिझेल जवळपास नाहीच, आणि गावांतला ऊस तर वेळेवर कारखान्यात! शेवटचा आठ नंबर, माने अण्णांचा. माणसं तेवढीच, डिझेल मात्र इतरांच्या दुप्पट.

शेवटचं ऑफिस बंद करायचं, असं ठरलेलं होतं. अण्णांच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई, आणि बदली होणार ती थेट करमाळ्याच्या टोकाला. अण्णा कागद हातात धरून उभे राहिले. "आमी काय कमी पळतो का ओ? डिझेल लागतं, कारण लोक बोलावत्यात. मला एवढंच कळतं."

मला फार वाईट वाटलं. पण गणित दहादा तपासलं, चूक सापडेना.

*

या पद्धतीत एक चांगली सोय असते. मागे पडलेल्यानं कुणाकडून शिकावं, तेही गणितच सांगतं. माझ्या रिपोर्टात आलं: आठ नंबरनं पाच नंबरकडून शिकावं. चेअरमन म्हणाले, "एक संधी देऊ. शिकून या, मग बंदच्या कागदावर सही करायची का ते बघू."

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना जीपमधून पाच नंबरला घेऊन गेलो. अण्णांनी नवी वही आणली होती.

सकाळचे अकरा वाजले होते. ऑफिसला कुलूप. दारावर एक पाटी, ऊन खाऊन पिवळी पडलेली: 'सर्व कामांसाठी आठ नंबर गटाचे माने अण्णा यांना फोन करावा.' खाली मोबाईल नंबर.

मी पाटीकडे बघतोय, अण्णा वहीकडे. इतक्यात एक शेतकरी मोटारसायकलवरून आला. त्यानं पाटी वाचली, आमच्याकडे न बघता फोन लावला.

अण्णांचा खिसा वाजला. त्यांनी फोन कानाला लावला.

"हां, बोला... हितंच हाय. मागं वळा."