चूलबंद आवतण आणि हॉलवाल्यांच्या प्लेटी

धाकट्याचं लग्न ठरलं तेव्हा वाटणी सोपी होती. लग्न मुलीकडचे रोह्याला लावून देणार, रिसेप्शन आम्ही पेणला द्यायचं. हॉल त्यानेच शोधायचा, मी फक्त मान हलवायची. आता मी नुसती मान हलवणारी बाई असते तर एवढं रामायण झालंच नसतं.

चूक माझीच, ती आधी सांगून टाकते. सुपारी फुटली त्याच आठवड्यात मी कासू स्टेशनला उतरून आमच्या गावात गेले. पेणला राहायला येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली, पण शेत तिथलं, माणसं तिथली. गेले होते तारीख सांगायला आणि आनंदाच्या भरात घरोघर चूलबंद आवतण देऊन आले. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. म्हातारी माणसं, पाळण्यातलं पोर, आयत्या वेळी टपकलेला पाहुणा, सगळे आपल्याकडे जेवणार. हॉल कुठला, केवढा, कशाचाच पत्ता नव्हता. मुलालाही बोलले नाही. म्हटलं, हॉल ठरला की सांगू.

मग आमची वणवण सुरू झाली. पहिला हॉल पेणच्या बाहेर, रस्त्याला लागून. वर पत्रे, भिंती पोपटी, मागे मोकळी जागा. राखणदार म्हातारा वालाच्या शेंगा सोलत बसला होता. त्याने एवढंच विचारलं, की तुमच्या पाठीमागे जेवायला येणारं गाव आहे का? मी उत्तर देणार तोवर मुलगा बाहेर पडलासुद्धा. म्हणाला, फोटोत हा रंग आपल्या तोंडावर उतरेल.

दुसरा एसी हॉल. मॅनेजर गोड बोलणारा. किती प्लेट, म्हणून विचारलं. मुलाने तीनशे सांगितले. मी हळूच विचारलं, वाढले तर? तो म्हणाला, वीसपर्यंत चालेल. मी म्हटलं, वीस घरं? तो हसला. मुलगा माझ्याकडे बघायला लागला, तशी मी पंख्यांची चौकशी काढली.

तिसरं हायवेवरचं लॉन. कारंजं काय, नवरानवरीला चालायला पूल काय! पण एसटी तिथे थांबत नाही आणि पंगत बसू देत नाहीत, उभ्यानेच जेवायचं. आमच्या म्हाताऱ्या एका हाताने काठी धरतात, प्लेट दुसऱ्या हातात धरली तर घास कशाने घ्यायचा?

चौथा रोह्याला. पेणला काही पटेना, म्हणून व्याह्यांनी मुद्दाम बोलावून दाखवला. तिथे जेवणाच्या दारात प्रत्येकाकडून कुपन घेतात म्हणे. कुपन नाही तर ताट नाही. माझ्या डोळ्यांपुढे गावातली शेजारीण उभी राहिली, पिशवीत कुपन शोधणारी. मग माझ्याच्याने राहवलं नाही. व्याह्यांच्या देखत बोलून गेले, "मी गावाला चूलबंद सांगून आलेय."

परतताना नागोठण्याला मुलाने गाडी बाजूला घेतली. मग म्हणाला, "किती घरं?"

"सगळी."

"आई, परत जा आणि घरटी एक माणूस सांगून ये."

गेले. काय करते? पहिलं घर त्याच शेजारणीचं. आमच्या ह्यांना मुंबईच्या इस्पितळात ठेवलं होतं तेव्हा तीन महिने माझी चूल पेटली नव्हती, आणि हा धाकटा हिच्याकडे जेवून शाळेत जात होता. त्यातलं ती चकार शब्द बोलली नाही. बोलून दाखवलं असतं तर राग तरी आला असता, आणि सांगणं सोपं गेलं असतं. तिने चहा ठेवला आणि म्हणाली, "सुनेला सांगून ठेवलाय गो, त्या दिवशी चूल सारवून ठेव, पेटवायची नाय. आणि मला भात जरा बरा वाढायला सांग. हॉलवाले चिमटीनं वाढतात म्हनं."

चहा प्यायले आणि तशीच परत आले.

मुलगा वाटच बघत होता. मी म्हटलं, सांगितलं नाही, सांगणारही नाही, तो पोपटी हॉल घे. त्याने कपाळाला हात लावला. रंग, फोटो, कंपनीतले साहेब, सगळं पुन्हा काढलं. दोन दिवस माझ्याशी जेवणापुरतं बोलला. मीही चिडलेलीच होते, त्याच्यावर कमी आणि स्वतःवर जास्त. तिसऱ्या दिवशी आम्ही पोपटी भिंतींपुढे जाऊन उभे राहिलो. म्हातारा म्हणाला, "ताटा नाय मोजत आमी. घरा सांगा. पंगती उठतील तशा उठतील." भिंतींना पडदे लावायचं ठरलं. ते पडदे कुठल्या रंगाचे, यावरून आणखी एक आठवडा वाया गेला.

हॉल कुठला ते सांगायला पुन्हा गावात गेले. परत येताना स्टेशनच्या वाटेवर गावाबाहेरच्या खालच्या वाडीतल्या बायका भेटल्या. डोक्यावर भारे, घाईत होत्या, तरी थांबल्या. त्यातली एक म्हणाली, "आमची चूल पेटतीच ठेवायची व्हय?"

नाही कसं म्हणणार? म्हटलं, तुमचीपण बंद.

हे मुलाला सांगितलं ते पत्रिका वाटून झाल्यावर, तो जेवायला बसला असताना. भात कालवता कालवता त्याचा हात थांबला. वर न बघताच त्याने विचारलं, "वाडीत घरं किती?"