पुलाखालच्या विटा

विटांच्या चोरीची ती फिर्याद आली तेव्हा ठाण्यात पिकलेला हशा मला आजही आठवतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. परभणी जिल्ह्यात दुधना नदीकाठच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. वीटभट्टीवाला मात्र रागाने लाल झाला होता. "हसू नका सायेब. चोर रोज थोड्या थोड्या विटा न्यायलाय." मी गुन्हा दाखल करून घेतला. फिर्याद लहान म्हणून तपास लहान करू नये, असं माझं मत होतं आणि आजही आहे.

पुढच्या बाजारी चहावाल्या खबऱ्याने कानात सांगितलं, "पुलावरचा चौकीदार पहाटं डोक्यावर विटा घिऊन नदीकडं जायलाय."

चौकीदार पन्नाशीचा, सरळमार्गी माणूस. जमादाराने त्याला आणलं. "घर बांधायला नेल्या," म्हणाला. घरझडती घेतली तर कुडाचं घर आणि तीन दगडांची चूल. वीट म्हणून नव्हती. चोर चोरी नाकारतो हे रोजचंच; हा गडी चोरी कबूल करत होता आणि माल लपवत होता.

जमादाराला दम द्यायची घाई झाली होती. त्याला बाहेर पाठवून मी चहा मागवला.

"मामा, चोरी तर कबूल केलीत. मग विटा कुठं आहेत ते सांगायला कसली भीती?"

त्याने बशी खाली ठेवली. "पुलाखाली पुरल्या सायेब. तिथल्या सरकारी विटा पुरात गेल्या. पूर वसरल्यावर उकरून बघितलं तर नुसती वाळू. एक बी वीट गेली तर घरी बसवीन, आसं इंजिनेर सायेबांनी बजावलं व्हतं. म्हून तसाच चुना लावून दुसऱ्या भरून ठिवल्या."

नदीत विटा पुरून कोण ठेवतं? मी जीप काढली आणि बांधकाम खात्याच्या त्या इंजिनिअरकडे गेलो.

त्यांनी समजावून सांगितलं. पावसाळ्याआधी खांबाशेजारी खोल खड्डा घेऊन चुन्याने खुणा केलेल्या विटा एकावर एक रचायच्या आणि वाळूने बुजवायच्या. पुराचं पाणी खांबाभोवती गरगरतं, तळ उकरतं आणि ओसरताना खड्डा पुन्हा वाळूने भरून टाकतं. वरून काही दिसत नाही. वरच्या किती विटा वाहून गेल्या त्यावरून नदी किती खोल गेली ते कळतं आणि पुढच्या पुरात खांब टिकेल का याचा अंदाज बांधता येतो.

"यंदा सगळ्या विटा जागेवर होत्या," ते समाधानाने म्हणाले. "पूल भक्कम आहे. कापसाचे ट्रक सोडायला मी कालच परवानगी दिली."

"साहेब, तुम्ही मोजल्या त्या विटा भट्टीच्या होत्या."

ते खुर्ची मागे सारून माझ्याआधी जीपकडे निघाले.

आम्ही तडक पूल बंद केला. कापसाने भरलेले ट्रक थांबले होते, वर मजूर बसलेले, ड्रायव्हर आम्हाला शिव्या घालत होते. खाली खोदकाम सुरू झालं. चौकीदाराच्या विटांखाली वाळूच वाळू. पहिली खरी वीट लागली ती पायाच्या तळापाशी. खांब जवळजवळ सैल वाळूवर उभा होता. ती वीट हातात घेतली तेव्हा मला खरोखर भीती वाटली.

उन्हाळ्यात खांबाभोवती मोठाले दगड भरले आणि पूल वाचला. भट्टीवाल्याच्या बैलगाड्याही त्याच पुलावरून जायच्या. त्याने कोर्टाच्या परवानगीने प्रकरण मिटवलं. चौकीदाराच्या नोकरीसाठी इंजिनिअर स्वतः वरिष्ठांकडे गेले. म्हणाले, "विटा राखायला मीच सांगितलं, पण कशासाठी ते सांगितलं नाही."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. इथे तो राक्षस नोकरीचा होता, आणि त्याच्यापायी भरलेला ट्रक नदीत गेला असता. धाकातला माणूस आपल्याला हवं ते आणून देतो. ते खरं असेलच असं नाही. कबुलीजबाब घेताना हे मी पुढे कधी विसरलो नाही.

पुढच्या वर्षी पूर ओसरला आणि चौकीदार चिखलाने माखलेला, धापा टाकत ठाण्यात आला. जमादार दचकून उठला.

"सायेब, दोन विटा गेल्या!" त्याचा चेहरा नुसता फुलला होता. "नदीनंच नेल्या. मी हात बी लावला न्हाई."