मांडवात घेतलेलं नाव

या बाईबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. गावच्या आठवणी विचारायला कोणी आलं की मी नारळीच्या बागा, खाडी, शाळेची गळकी कौलं असं काहीबाही सांगायचो, आणि तिच्यापाशी आलो की विषय बदलायचो. आता ती हकिगत ठाऊक असलेलं माझ्याखेरीज कोणी उरलेलं नाही.

ती समुद्राकडे पाठ करून बसायची. मासे निवडताना, भाकरी खाताना, शेजारणीशी भांडताना, पाठ समुद्राकडे. चौलच्या पलीकडच्या त्या कोळीवाड्यात हे सोपं नव्हतं. तिथं कुठंही बसा, समोर पाणीच. विचारलं तर म्हणायची, "त्या मेल्याचं थोबाड कोन बगल?" तिचा नवरा आणि दीर एकाच वादळात गेले होते.

ती मनाने गोड होती असं मात्र समजू नका. गेलेल्या माणसाला आपण उगाच साखर लावतो. ही बाई कडू होती. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात मी तिथं नवा मास्तर म्हणून गेलो, तेव्हा माझी अंगकाठी पाहून तिने भर रस्त्यात विचारलं होतं, "यो पोरांना शिकवनार, का पोरं याला?" बायका हसल्या. मीही हसलो, पण ते मी विसरलो नाही.

तरी घरात लग्न निघालं की वाड्यातला प्रत्येक जण तिच्या दारी जायचा. ती धवलारीण होती. आमच्याकडे लग्न भटजी लावतो, तिथं धवलारीण ते गाण्यातून लावते. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं तिच्या गळ्यातून जायचं. सुरुवातीला ती देवांना आणि वाडवडिलांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलवायची. ज्याचं नाव घेतलं तो येणारच, अशी सगळ्यांची खात्री. म्हणून मांडव उभा असेतो दर्याचं नाव गाण्यात यायचं नाही.

मी त्या काळी कविता करत असे. माझ्या कवितांत समुद्र सखा असायचा. एकदा हौसेने तिला एक कविता वाचून दाखवली. ती बोंबील वाळत घालत होती. हात न थांबवता तिने विचारलं,

"गुरुजी, तुमाला पोवता येतं?"

"नाही, मावशी."

"मंग म्हना सखा. लांबून म्हना."

तिचं स्वतःचं एक गाणं होतं. ते लग्नातलं नव्हतं. एकटी असली की पुटपुटायची. मी ते कुंपणाआडून ऐकलं.

दर्याचे हाती सूप गो बाय,
मानसं पाखडतो दर्या,
दाना कुनाचा, फोल कुनाचं,
बगून घेत न्हाय दर्या.

ऐकून मला आधी राग आला. इतक्या कविता लिहून माझा समुद्र कधी कोणाला भिववू शकला नव्हता. हिच्या चार ओळींत माणूस भाताच्या दाण्याएवढा झाला होता.

त्या वैशाखात तांडेलाच्या थोरल्या मुलाचं लग्न होतं. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. वाड्यात त्याचा शब्द चालायचा. त्याच वेळी मुंबईहून एका मासिकाचे संपादक माझ्याकडे पाहुणे आले होते. माझ्या कविता त्यांनी छापाव्यात अशी माझी धडपड होती, आणि या बाईचा शोध आपण लावला आहे असं मी त्यांना सांगून बसलो होतो.

लग्न लागलं, पंगती बसल्या. मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, "मावशी, ते सुपाचं गाणं पाहुण्यांना ऐकवा."

"आज न्हाय. मांडव उतरू दे, मंग गाईन."

"पाहुणे सकाळच्या एसटीने जाणार."

"जाऊ दे ना. तुमचे पावने हायेत, माजे न्हाय."

मग मी जे बोललो ते आजही मला जसंच्या तसं ऐकू येतं. "उठल्याबसल्या त्याला शिव्या देता, आणि चार ओळींना भ्यालात?"

तिने माझ्याकडे पाहिलं. पदर खोचला आणि गायली. पहिल्याच ओळीला पंगतीतले हात ताटावर थांबले. कोणीतरी म्हातारी म्हणाली, "अगो, मांडव हाय!" ती थांबली नाही. पाहुण्यांचे डोळे भरून आले. जाताना ते मला म्हणाले, "तुमच्या कवितेत हे का येत नाही हो?"

पावसाळ्याआधी होड्या वर ओढतात. त्याच्या आधीच्या शेवटच्या फेरीला तांडेलाच्या होडीवरून तो नवरामुलगा वाड्यातल्या चार पोरांना घेऊन गेला. तांडेल तापाने घरीच होता. दुपारी आभाळ काळंनिळं झालं, वारा फिरला आणि नारळ मुळासकट पडले. इतर होड्या कशाबशा रेवदंड्याच्या खाडीत शिरल्या. ती एक आली नाही. होडीची फळीसुद्धा हाती लागली नाही.

तांडेलाच्या अंगणात वाडा जमला. हातात हळकुंड बांधलेली सून आत होती. तिचं रडणं बाहेर ऐकू येत होतं. तांडेलाने धवलारणीला समोर उभं केलं.

"मांडवात त्याचं नाव घेतलंस. कशाला?"

"गुरुजींनी सांगितलं."

सगळे माझ्याकडे वळले. त्या माणसांच्या चेहऱ्यांवर मी असा द्वेष कधी पाहिला नव्हता. मी परगावचा, एकटा, आणि माझं घर त्यांच्याच वस्तीत. वारा गाणं ऐकून येत नाही, हे मला बोलता आलं असतं. ते नाही तर निदान खरं तरी.

मी म्हणालो, "मी कशाला सांगू? मला तुमच्या लग्नाच्या गाण्यांतलं काय कळतं?"

ती भांडेल असं मला वाटलं. जन्मभर सगळ्यांशी भांडलेली बाई. ती इतकंच म्हणाली, "मंग मीच गायली आसेन," आणि अंगणाबाहेर गेली.

त्यानंतर तिला एकाही लग्नाचं बोलावणं आलं नाही. थळकडची दुसरी बाई येऊ लागली. बायका तिच्या टोपलीतले मासे घेईनात. ती चौलच्या बाजारापर्यंत चालत जाऊन विकायची. पोरं मागून ओरडायची, "दर्याला बोलवनारी आली." त्यांत माझ्या वर्गातलीही होती. मी त्यांना छडी मारली नाही, दटावलंही नाही.

एकदा वाड्यात लग्न होतं. मी तिच्या घरावरून जात होतो. ती अंगणात कोळंबी सोलत बसली होती आणि लांबून येणाऱ्या गाण्याबरोबर तिचे ओठ हलत होते. मधेच हात थांबले. "एकवीरेला इसरली बग," ती स्वतःशीच म्हणाली, आणि वगळलेली ओळ हळूच गाऊन टाकली, मांडवापर्यंत पोचणार नाही इतक्या हळू. मग मला पाहून पुन्हा कोळंबी सोलू लागली.

बदलीचा हुकूम आला तेव्हा मी तिच्या दारी गेलो. दोन दिवस वाक्यं जुळवत होतो. ती म्हणाली, "चाललात? बरं झालं. हितं तुमची तब्येत कदी सुदारली न्हाय." मला हसू आलं, आणि त्या हसण्याच्या आडोशाला मी तसाच निघून आलो.

माझ्या वयाच्या साठीच्या सुमाराला पुन्हा गेलो, तेव्हा तिच्या घरात दुसरी माणसं राहत होती. ती वारली होती. तांडेलही गेला होता. त्याच्या अंगणात त्याची नातवंडं खेळत होती. मी थोडा वेळ उभा राहिलो. कोणी विचारलं, "कोन पायजे?" मी म्हणालो, "कोणी नाही."

जे तिच्या एकटीच्या दारात नव्हे, त्याच अंगणात, सगळ्यांसमोर बोलायला हवं होतं, ते एवढंच होतं: मावशी, तुम्ही नको म्हणत होतात. मीच तुम्हाला डिवचून गायला लावलं, आणि विचारल्यावर खोटं बोललो. पोरं वाऱ्याने नेली, तुमच्या गाण्याने नाही. मला माफ करा.