बाणातला ण

किस्से काही कुणी जमवत नाही, ते आपोआप साचतात, ड्रॉवरमधल्या रबरबँडसारखे. उरणच्या आमच्या गोदामाच्या ऑफिसातले बाकीचे किस्से मी रंगवून सांगतो. हे माझे स्वतःचे आहेत, आणि सांगताना मान खाली जाते.

मी बोनकोड्याचा, आगरी. जॉइन झालो त्या दिवशी सहज विचारलं, "पानी कुठं हाय?" समोरच्या पोंक्षे मॅडम गोड हसल्या. "पानी नाही रे, पाणी! बाणातला ण." अख्खं ऑफिस हसलं. लाज याची वाटते, की सगळ्यात मोठ्याने मीच हसलो!

*

आमचा कदम साताऱ्याचा. तो "लई भारी काम झालंय बगा!" म्हणाला की मॅडम खूश. "किती अस्सल, रांगडी भाषा!" एकदा मीही उत्साहात म्हणालो, "मना पन पटला!" मॅडम म्हणाल्या, "तू जरा वाचन वाढव."

*

मग मी ण घोटायला लागलो. मोठ्या साहेबांच्या सेंडऑफला माइक हातात आला. "साहेब, आपण महाण आहात! आम्ही मणापासूण आभारी आहोत!" कदम हसून हसून टेबलाखाली. साहेबांनी मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवला, "इतकं शुद्ध आजकाल कोण बोलतं रे?"

*

एकदा शेजारच्या गावातली एक आजी गेटवर आली. आमच्या ट्रेलरने तिच्या घराची वाट अडवली होती. मॅनेजरने मला बोलावलं, "तू लोकल ना? काय म्हणतेय ही?"

शब्दन् शब्द कळला होता. तरी मी म्हणालो, "सर, मलाही नीट कळत नाहीये."

आजीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सरळ हिंदीत सुरू झाली, "साब, गाडी हटाव ना!" त्या दिवशी मला माझीच किळस आली. पण सुधारलो? छे!

*

परवा माझा मोबाइल बंद पडला होता, म्हणून आईने ऑफिसच्या नंबरवर फोन केला. पोंक्षे मॅडमनी उचलला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. त्या शेजारीच उभ्या होत्या.

"नमस्कार, बोला," मी म्हणालो. "मी सध्या जरा कामात आहे. आपण संध्याकाळी बोलूया का?"

पलीकडून आईचा घाबरलेला आवाज आला, "माफ करा हां साहेब. मना माजे पोऱ्याशी बोलाचा हाय."

"मीच बोलतोय."

"नाय ओ साहेब," ती म्हणाली, "माजा पोऱ्या असा नाय बोलत." आणि तिने फोन ठेवला.