लिंबाला दुसरं पाणी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. मुलीजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सांगतोय — ओळखणाऱ्यांपुढं जीभ रेटत नाही.

बायको गेली त्याला चार वर्षं झाली. मागं उरलो मी, अंगणातलं लॉन आणि तिनं लावलेलं कागदी लिंबाचं झाड. बागेला कोडोलीहून धोंडीराम यायचा, एक दिवसाआड, उन्हं चढायच्या आत. मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसायचा. ओल लागली तर नळाकडं फिरकायचाही नाही. लिंबाला खोडापासून लांब आळं करून मोजकंच पाणी. "तहान लागू दे की सर त्याला," म्हणायचा.

मला कळत नव्हतं का? तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय. सगळं कळत होतं.

पण संध्याकाळी माणसानं करायचं काय? पायरीवर नुसता बसलो की ओळखीचेसुद्धा मान खाली घालून पुढं जातात — म्हातारा धरून ठेवील, ही धास्ती. एकदा सहज पाइप हातात घेतला, तर दोघं फाटकाशी थांबले. "काय सर, पाणी व्हय? जेवला काय?" — साडेपाच वाजता! कामात असलेल्या माणसाशी लोक बोलतात. त्याच्या तावडीतून सुटता येतं ना. मग मी रोजच पाणी घालू लागलो. कुणी थांबलं की पाइप लिंबाच्या आळ्यात सोडायचा आणि बोलत राहायचं. घरात होतं काय? टीव्ही आणि मी.

दिवाळीला मुलगी आली तेव्हा लिंबाची पानं पिवळी पडून गळत होती. लॉनवर पाय ठेवला की पचपचायचं. आईचं झाड — तिला रडूच फुटलं. धोंडीरामनं मूळ उकरून दाखवलं. "कुजलंय बघा, ताई. दोनदा पाणी पडतंय हितं. मी एकदाच घालतोय."

"बाबा, तुम्ही घालता?"

आता सांगूनच टाकतो. मी म्हणालो, "मी? मी तर पाइपला हातसुद्धा लावत नाही."

धोंडीराम माझ्याकडं बघत राहिला. आळ्यात पडलेला पाइप सकाळी येऊन त्यानंच कितीदा तरी गुंडाळून ठेवला होता. त्यानं हात धुतले, खुरपं पिशवीत टाकलं. "येतो, सर."

मुलीनं त्याला परत बोलावलं नाही. धोंडीरामनं सरांचं झाड मारलं, असा गल्लीभर बभ्रा झाला आणि तो ज्यांची बाग बघायचा त्या बाकीच्या तीन घरांनीही त्याला बंद केलं. मी गप्प. का? मुलगी रागावेल म्हणून? संध्याकाळ हातची जाईल म्हणून? भ्याडपणा होता तो, दुसरं काही नाही.

आता मुलीनं घड्याळावर चालणारे फवारे बसवलेत. पहाटे आपोआप सुरू होतात, आपोआप थांबतात. थेंब वाया जात नाही. लॉन हिरवंगार झालंय. पाइप अडगळीत गेला. मी पायरीवर बसतो, माणसं मान खाली घालून जातात.

दिवाळीपासून मुलाकडं गेलेल्या समोरच्या वहिनी परवा थांबल्या. किती दिवसांनी! "सर, तुमचा धोंडीराम दिसंना झालाय की. लई गुणाचा माणूस."

"कसला गुणाचा," मी म्हटलं. आणि त्या अजून थोडा वेळ थांबाव्यात म्हणून त्याच्याबद्दल आणखी दोन गोष्टी सांगितल्या. दोन्ही खोट्या.

वहिनी बराच वेळ थांबल्या.