एक एकर पाखरांच्या भरवशावर

तुम्ही कधी आपल्याच शेतात अळी पाहून "असू दे, पाखराला लागेल" असं म्हटलंय का? आम्ही म्हटलंय! शिरड शहापूरच्या आम्ही सहा-सात जणी. दर आठवड्याला कुणाच्या तरी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसतो, आणि उठताना लुगड्याला माती अन् एक नवा किस्सा चिकटलेला असतोच.

सुरुवात माझ्या सासऱ्यांपासून. सगळा गाव त्यांना मामा म्हणतो, मीही. आम्हाला औषध न फवारता हरभरा घ्यायचा होता. मामांनी चार एकरांतला एक दिला आणि अट घातली, "एकदा देतो. अळी वाढली का मी फवारनार. मंग पुन्हा रान मागायचं न्हाई!"

बाकीच्या जणींच्या घरचे याच एकराकडे डोळे लावून बसले होते. इथं हरलो असतो, तर कुणालाच रान मिळालं नसतं.

प्रशिक्षण द्यायला आलेल्या ताईंनी सांगितलं होतं, हरभऱ्यात मूठभर ज्वारी मिसळून पेरा. ज्वारी उंच वाढते, तिच्यावर पाखरं बसतात आणि खालच्या अळ्या टिपतात. आम्ही पेरली. आमच्यातली कमल निंदणात एकदम फास्ट. त्या दिवशी सगळ्यांच्या आधी पात संपवून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"घ्या! ज्वारीचं एक ताट ठेवलं न्हाई. रान कसं आरशावानी केलं!"

निंदणाच्या नादात ज्वारी गेली, म्हणून काठ्या रोवल्या. वर आडवी काडी, पाखराला बसायला. चार दिवस झाले, एक चिमणी फिरकेना. काहून? जाऊन पाहिलं तर काठ्यांना मामांचे जुने सदरे, वर मडकी! सदरे संपले तिथं धोतराच्या चिंध्या.

"मामा, हे काय केलं?"

"बुजगावनी अर्धीच सोडली व्हती तुमी. म्या पुरी केली!"

सदरे उतरवले, तशा साळुंक्या येऊ लागल्या.

बांधावर झेंडूही लावला होता. अळीचा पतंग हरभऱ्याच्या आधी झेंडूवर अंडी घालतो. एकदा औंढ्याला दर्शनाला निघालेली कुणी बाई ओटीत फुलं भरताना सापडली. समोर आमची शमीमआपा! बाईचा चेहरा पार उतरला. आपा म्हणाली, "घाबरू नका बाई, अजून न्या. कळ्या बी न्या! फक्त देवाला वाहायच्या आधी झटका, आत आमचे पाव्हने हैत."

ह्याच शमीमआपाचा दुसरा पराक्रम. रोग पडलेली अळी झाडाच्या शेंड्याला उलटी लटकून मरते. तशा अळ्या वाटून पाण्यातून शिंपडल्या, की तो रोग बाकीच्या अळ्यांना लागतो. आपाने वेगळा जुना खलबत्ता काढला आणि अंगणातच बसली. तिचे मियाँ दारातून म्हणाले, "आज कायकी चटनी है?"

"अळीची. वाढू का भाकरीवर?"

त्यानंतर आठवडाभर ते बटाट्याची भाजीसुद्धा वास घेऊन खात होते!

मग हरभऱ्याचे घाटे भरले, आणि अळीही वाढली. एका दुपारी मामा शेतातून फिरून आले. पंप भरला, पाठीवर घेतला. आम्ही सगळ्या मागोमाग. कमलच्या डोळ्यांत पाणी आलेलं. वारा होता, म्हणून मामा फवाऱ्याची नळी उंच धरून, वारा पडायची वाट बघत हरभऱ्यात उभे राहिले.

तेवढ्यात एक कोतवाल पक्षी आला. काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा. काठ्या सोडून थेट मामांच्या नळीवर बसला! तिथून सूर मारला, अळी उचलली, पुन्हा नळीवर. पुन्हा सूर, पुन्हा अळी. मागून साळुंक्यांचा थवा उतरला, कालव्याकडून बगळे आले. सगळं रान पाखरांनी हलू लागलं.

वारा केव्हाच पडला होता. मामांनी दुसऱ्या हाताचा आधार दिला, पण नळी खाली येईना.

शमीमआपा हळूच म्हणाली, "मामा, हाताला तकलीफ व्हऊन राहिली ना?"

"गप! त्याचं जेवन चालू हाय."

दिवस मावळला, पाखरं उडाली, तेव्हा कुठे मामा हलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोयता घेऊन गेले आणि उरलेल्या तीन एकरांसाठी काठ्या तोडून आले.