ऊस नसताना दाखवलेला रस्ता

हे मी आजवर कुणालाही पूर्ण सांगितलेलं नाही. आईला नाही. होस्टेलच्या खोलीतल्या मैत्रिणीला नाही. कागदावरसुद्धा पहिल्यांदाच येतंय, आणि लिहिताना दोनदा उठून दाराची कडी बघून आले. इथे बारामतीत मला कोण ओळखतं? तरीही.

गेल्या आठवड्यात समाजशास्त्राच्या तासाला सरांनी विचारलं, की एखादा भाग कुटुंब वाढवायला चांगला आहे हे कशावरून ठरवाल? माझ्या शेजारी बसणारी कन्हेरीची मुलगी म्हणाली, पाणी. कुणी म्हणालं शाळा, कुणी दवाखाना. मग सरांनी माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले आणि घडाघडा बोलले — बारमाही पाणी, घरचं दूध, इंदापूरला जायला एसटी, जवळ कारखाना, हाकेला धावून येणारी माणसं. सर म्हणाले, "छान. स्वतःच्या अनुभवातून बोललीस." मी खाली बसले आणि वहीत डोकं घातलं. कारण हेच सगळं मी तीन वर्षांपूर्वी एका बाईला सांगितलं होतं. आणि ते ऐकून तिने आपला संसार उचलून आमच्याकडे आणला होता.

ती माझी काकी.

आमची वस्ती वरकुट्याच्या बाजूला, गावापासून आत आहे. घरात शिकायला बाहेर पडलेली मी पहिली. आई अंगठा सोडून सही करायला शिकली ती माझ्या पाटीवर. हायस्कूल आणि एसटीचा थांबा दोन्ही तीन किलोमीटरवर, आणि तिथे जायला कालव्याच्या कडेने एकच कच्चा रस्ता. दोन्ही अंगाला ऊस. बाहेरून आलेल्या माणसाला तो फार आवडतो. हिरवागार, थंड, वाऱ्याने सळसळणारा. घरातले लोक ऊस डोक्याच्या वर गेला की खूश व्हायचे. आम्ही मुली मात्र तो कमरेला लागला की एकमेकींकडे बघायला लागायचो.

कसं सांगू? त्या रस्त्यावर दोघे जण असायचे. रोज नाही — रोज असते तर कदाचित बरं झालं असतं, निदान कळलं असतं. कधी आठवडाभर कुणीच नाही, आणि मग एक दिवस पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी काळी मोटरसायकल आडवी लावलेली. ते आमच्या बरोबरीने गाडी हळूहळू चालवायचे. बोलायचे. ओढणी ओढायचे. नववीत असताना एकाने माझं मनगट धरलं. मागून बैलगाडीचा आवाज आला म्हणून सोडलं. तो आवाज आला नसता तर? हा प्रश्न मी अजूनही पुरा करत नाही.

आम्ही चौघी होतो आणि आमचे नियम ठरलेले होते. चौघींनीच निघायचं. मागे वळून बघायचं नाही. मोटारीची खोली येईपर्यंत हसायचं नाही. आणि घरी सांगायचं नाही. हा शेवटचा नियम कुणी शिकवला नव्हता. पलीकडच्या वस्तीवरच्या एका मुलीने घरी सांगितलं होतं. घरच्यांनी त्या पोरांना शोधलं नाही, तिची शाळा थांबवली, आणि वर्षाच्या आत तिचं लग्न झालं. आम्ही तिच्या लग्नात जेवलो आणि गप्प बसायला शिकलो.

तोडणी झाली की आम्ही सुटायचो. उन्हाळ्यात रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा दिसायचा, शाळेचं छप्परसुद्धा दिसायचं. तेव्हा आम्ही रेंगाळत यायचो, चिंचा पाडायचो. भीती खोडव्याच्या, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्याला येणाऱ्या, फुटव्याएवढी व्हायची. पण असायची.

माझी बारावीची परीक्षा झाली त्या एप्रिलमध्ये नाना, म्हणजे माझे धाकटे चुलते, काकी आणि त्यांची मुलगी सानिका पिंपरीहून आले. नानांचं कंपनीतलं काम सुटलं होतं आणि गावी यायचं की नाही यावर घरात चर्चा चालली होती. आजोबांनी, आबांनी, तर ठरवूनच टाकलं होतं.

"काय हाय रं तुमच्या पिंपरीत?" ते ओसरीवर बसून म्हणाले. "दूध पिशवीचं, पाणी टँकरचं, अन् शेजारी कोण राहतोय ते मेल्यावर कळतंय."

"अन् हितं दवाखान्याला इंदापूर गाठावं लागतंय, आबा," काकी भाकरी थापता थापता आतून म्हणाली. "तवर माणसानं काय करायचं?"

"तवर दम धरायचा! मी धरलाय न्हवं पंच्याहत्तर वर्षं?"

सगळे हसले. काकीही हसली. पण ती भोळी नव्हती. तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि ती पुरुषांना विचारण्यात अर्थ नाही हेही तिला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "चल, मला शाळा दाखव."

मी तिला त्याच रस्त्याने नेलं. दुसरा रस्ताच नव्हता, हे खरं. पण मी तिला थांबवून थांबवून दाखवलं — हे बघ काकी, किती मोकळं आहे, आपलं घर इथूनही दिसतं. ऊस तुटलेला होता. मोटारीची खोली उन्हात एकटी उभी होती. तिच्यासमोर काकी थांबली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "पोरी, तू ह्याच वाटेनं पाच वर्षं गेलीस. बाकीच्यांचं सोड. तू सांग. सानिकाला हितं आणू का?"

यापेक्षा सरळ कुणी काय विचारायचं?

मला बारामतीला यायचं होतं. आबा निम्मे तयार झाले होते — "निकाल लागू दे, मग बघू." मी तेव्हा खरं बोलले असते तर संध्याकाळपर्यंत ते घरभर झालं असतं, आणि ज्या पोरीला तीन किलोमीटरच्या रस्त्यावर हे झालं तिला परगावी होस्टेलात कोण ठेवणार? हे सगळं माझ्या मनात आलं. घाबरून तोंडातून काहीतरी निघून गेलं, असं झालं नाही. मी विचार केला आणि मग बोलले.

"काय भीती न्हाय, काकी," मी म्हणाले. आणि मग ती यादी. पाणी, दूध, एसटी, माणसं.

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. जूनमध्ये ते आले.

मला अजून एक माहीत होतं, आणि ते तर मी कुणी न विचारताही सांगायला हवं होतं. आमच्या चौघींची चौकडी त्या वर्षी मोडली होती. मी बारामतीला, एक नर्सिंगला, दोघींची लग्नं. वस्तीवरून हायस्कूलला जाणारी सानिका एकटी होती. तेरा वर्षांची. नानांनी तिला सायकल घेऊन दिली, निळी. मी होस्टेलला निघाले त्या दिवशी ती मला थांब्यापर्यंत सोडायला आली, आणि परत जाताना घंटी वाजवत गेली. दोन्ही बाजूचा ऊस तेव्हा तिच्या हँडलएवढा होता. मी एसटीत बसून ऊस बघत होते, तिच्याकडे नाही.

गणपती होऊन गेल्यावर आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, सानी सायकलवरून पडली, एक चप्पल तिकडंच राहिली, सायकल आबांनी जाऊन आणली. लागलं फारसं नाही. पण तेव्हापासून रोज नऊ वाजले की तिच्या पोटात दुखतं. काकी म्हणायची नाटकं करते. एकदा मारलंसुद्धा. मी फोनवर काय म्हणाले? "शाळा नवीन आहे ना, होईल सवय." मग फोन ठेवून मी मेसमध्ये जेवायला गेले.

दिवाळीला घरी गेले तर सगळे माझीच वाट बघत होते. "तू शिकलेली हायस, तू समजाव तिला," काकी म्हणाली. सानिका आणि मी हौदावर कपडे धूत होतो. काकी दहा पावलांवर दोरीवर गोधड्या टाकत होती. सानिका एकच टॉवेल पुन्हापुन्हा पिळत होती, त्यातून पाणी यायचं थांबलं तरी. माझ्याकडे न बघता तिने हळूच विचारलं,

"ताई, तू पण त्याच रस्त्याने जायचीस ना? तुला कधी कुणी काही केलं?"

आता इथे मला थांबावंसं वाटतं. काकीशी खोटं बोलले ते मी वर लिहिलं, ते लिहिता आलं. लोक ते समजूनही घेतील कदाचित, म्हणतील शिक्षणासाठी केलं. पण माझा खरा गुन्हा तो नाही. तो हौदावरचा आहे.

त्या मुलीला फक्त एवढंच कळायला हवं होतं की हे तिच्या एकटीशी झालेलं नाही. की तिने काही चुकीचं घातलं नव्हतं, चुकीचं बघितलं नव्हतं. एक "हो" पुरला असता. नुसती मान हलवली असती तरी. पण काकी दहा पावलांवर होती. मी हो म्हणाले आणि तिने ऐकलं, तर ती गोधडी टाकून येईल आणि विचारेल — मग एप्रिलमध्ये मला काय म्हणालीस?

"न्हाय गं," मी म्हणाले. "मला कधीच न्हाय."

एवढं बोलून थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मी पुढे म्हणाले, "आपण नीट राहिलं की कोण काय करत न्हाय."

सानिकाने टॉवेल खाली ठेवला. मग उचलला. दोरीवर टाकून आली. त्यानंतर तिने मला काहीच विचारलं नाही. त्या वर्षीच तिची शाळा सुटली. आता ती सोळा वर्षांची आहे, गोठ्याचं बघते, इंदापूरला जाऊन शिवण शिकते. काकी आल्यागेल्याला सांगते, थोरल्या जाऊबाईंच्या पोरीला अभ्यासाची आवड, आमचीला न्हाय. हे ती माझ्यासमोर सांगते, आणि मी चहा पिते.

यंदा संक्रांतीला गेले तेव्हा ठरवून गेले होते. म्हटलं, सांगायचंच. दुपारी घरात कुणी नव्हतं, सानिका अंगणात भांडी घासत होती. मी शेजारी बसले. "सानी, तुला तवा हौदावर मी जे बोलले —"

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. पिंपरीची भाषा तिच्या तोंडून कधीच गेली आहे. "तवाच कळलं हुतं. तू न्हाय म्हणालीस अन् तुझ्या हातातनं साबण सुटला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मला वाटलं, मोठं झाल्यावर असंच म्हणायचं असतं." तिने राखेचा हात पातेल्यावरून फिरवला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "परवा मला बी विचारलं एका पोरीनं. सायकल हातात धरून रडत हुती, ह्याच रस्त्याला. मी तिला तुझंच सांगितलं. मला कधीच न्हाय, म्हणलं. नीट राहत जा."

मग ती पातेलं विसळायला उठली. नळ सुरू झाला.

कोणती मुलगी, हे विचारायला मला पुरेसा वेळ होता. वस्ती केवढीशी, मुली किती. तिच्या घरी जाऊन पोहोचायला पाच मिनिटंही लागली नसती.

मी नाव विचारलं नाही. संध्याकाळच्या एसटीने बारामतीला आले.